इतक्या लांब जाऊन पार्क न बघता परत यायचं?

पत्राचा सारांश : न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक मैत्रिणीने लिहिलं आहे. वय ३८, पूर्णवेळ नोकरी, घरी नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. सासू-सासरे जूनमध्ये सांगलीकडच्या गावाहून आले आहेत. नोव्हेंबरअखेर परत जातील. सासऱ्यांची शेती आहे. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन सगळं दाखवून झालं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलीच्या शाळेला सुट्टी आहे, तेव्हा फ्लोरिडात ऑरलँडोला, डिस्नी वर्ल्डला जायचं घाटतंय. पत्रलेखिकेला तिथल्या एखाद्या रिसॉर्टमध्ये चार रात्री नुसतं राहायचं आहे, एकाही पार्कात न जाता. सासूबाईंचे गुडघे दुखतात, सहा जणांच्या तिकिटांचा खर्च फार, गर्दी फार, ही त्यांची कारणं. मुलगी तीन वर्षांपूर्वी मॅजिक किंगडम हे तिथलं एक पार्क बघून आली आहे. नवऱ्याला हे मुळीच मान्य नाही. ते म्हणतात, "आई-बाबा पुन्हा येतील की नाही कुणास ठाऊक. पंढरपूरला जाऊन विठोबाला न भेटता कुणी परत येतं का?" सासू-सासरे म्हणतात, "तुम्ही ठरवाल तसं." आणि पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे : "खरं सांगू का ताई, मला फक्त झोपायचं आहे. मी चुकतेय का?"

प्रिय मैत्रिणी,

तुमची शेवटची ओळ मी आधी घेते, कारण माझ्या मते पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. विश्रांती हवीशी वाटण्यात चूक काहीच नाही. पण ती गोष्ट तुम्ही सगळ्यांत शेवटी, जाता जाता, परवानगी मागितल्यासारखी सांगितली आहे. पुढे केले आहेत ते सासूबाईंचे गुडघे.

घरातही तुम्ही असंच मांडलं असेल, तर वाद का मिटत नाही ते कळतं. गुडघ्यांचं म्हणालात की यजमान म्हणणार, व्हीलचेअर घेऊ. त्यात खोटं काही नाही. डिस्नी वर्ल्डच्या चारही पार्कांत व्हीलचेअर आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या भाड्याने मिळतात. खर्चाचं म्हणालात की, आई-बाबांसाठी नाही करायचा तर कुणासाठी? गर्दीचं म्हणालात की, सकाळी लवकर निघू. तुमच्या प्रत्येक कारणाला त्यांच्याकडे उत्तर आहे, आणि सगळी कारणं खोडून झाली की सकाळी सात वाजता सहा जणांच्या पाण्याच्या बाटल्या भरत तुम्हीच उभ्या असणार. "जूनपासून मी थकले आहे, चार दिवस मला कुणाची काहीही व्यवस्था बघायची नाही" असं सरळ बोललात, तर त्याला उत्तर नसतं. ते ऐकून घ्यावं लागतं.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण सहा महिन्यांसाठी आई-वडील आले की अमेरिकेतल्या घरात काय काय वाढतं ते मला चांगलं माहीत आहे. नोकरी तीच, वर दोन्ही वेळचा ताजा स्वयंपाक, औषधांच्या वेळा, शनिवार-रविवारी दूरवरची गाडी, शिवाय "तुमच्याकडे आई-बाबा आलेत ना, मग या की जेवायला" म्हणणारे सगळे स्नेही आणि त्यांना उलट बोलावणं. हे सगळं आनंदाचंच आहे. आनंदाच्या कामानेही माणूस दमतो, आणि दमला हे म्हणायची चोरी होते. तेव्हा पहिली विनंती ही की सासूबाईंच्या गुडघ्यांआड उभ्या राहू नका. त्यांचे गुडघे त्यांच्या जागी आहेत, तुमचा थकवा तुमच्या जागी.

आता यजमानांचं म्हणणं. मला ते हट्टी वाटत नाहीत. इतक्या वर्षांनी आई-वडील घरी आलेत आणि आपण जिथे राहतो तो देश त्यांना दाखवावा, असं वाटणारा मुलगा मला त्यात दिसतो. पण "पुन्हा येतील की नाही" ही धास्ती मनात असली की दाखवायच्या ठिकाणांची यादी लांबत जाते आणि ती संपवणं हेच काम होऊन बसतं. त्यांना एक विचारून बघा. जूनपासून आई-बाबांनी मुलाला पाहिलंय ते कसं? आठवडाभर लॅपटॉपसमोर आणि सुट्टीच्या दिवशी स्टिअरिंगमागे, पाठमोरा. नायगारा त्यांनी डोळे भरून पाहिला असेल, पण मुलगा शेजारी निवांत बसून तासभर बोललाय, असं किती वेळा झालं? ते पुन्हा येतील की नाही ही काळजी खरी असेल, तर ती या बाजूनेही लागू होते.

पंढरपूरचा दाखला त्यांनी दिलाच आहे, म्हणून सांगते. आषाढीला ज्यांना दर्शनाच्या बारीत उभं राहणं झेपत नाही असे कितीतरी वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नामदेवाच्या पायरीवर डोकं टेकवतात, कळसाला हात जोडतात आणि घरी परततात. त्यांची वारी अपुरी राहिली असं कुणी म्हणत नाही. तिथे सोयीची वाट आपल्या परंपरेनेच ठेवली आहे. मग फ्लोरिडातल्या एका करमणुकीच्या जागेसाठी एवढा कडक नेम कशाला?

पण तुम्हालाही एक अडचणीचा प्रश्न विचारते. सासू-सासऱ्यांना पार्क नकोच आहे, हे तुम्ही कशावरून धरलंत? यजमानांनी धरलंय की त्यांना हवंच आहे. दोघांनीही विचारलेलं नाही, किंवा विचारलंय ते अशा रीतीने की उत्तर ठरलेलंच. "जमेल ना?" म्हटलं की आपल्याकडची वडीलधारी माणसं "न जमायला काय झालं" म्हणतात. "तुम्हाला आवडेल का?" म्हटलं की "तुम्ही ठरवाल तसं". त्यांना दोन दिवस वर्णन करून सांगा. एक दिवस असा : सकाळी आठला बाहेर, रात्री नऊ-दहाला परत, दिवसभरात दहा-बारा किलोमीटर सहज चालणं, एकेका राइडसाठी अर्धा-पाऊण तास रांग आणि राइड पाच मिनिटांची, पण झगमगाट मोठा, मिरवणुका, रात्री किल्ल्यावर आतषबाजी. दुसरा दिवस असा : उशिरा उठणं, तळ्याकाठी फिरणं, दोरावरच्या पाळण्यातून एक चक्कर, दुपारी झोप, संध्याकाळी पाण्यात खेळणारी नातवंडं बघत बसणं. यातलं काय हवं? आणि हे तुम्ही किंवा यजमानांनी विचारू नका, नातीला विचारू दे. आजी नातीला खरं सांगते.

सासऱ्यांनी जर म्हटलं, "मला ती मिकीची गाजलेली जागा आतून बघायचीच आहे," तर ते मान्य करा. तेव्हा काय करायचं ते पुढे सांगते. आधी हे बघू की पार्क वगळले तर तिथे उरतं काय. तुमचे यजमान समजतात त्यापेक्षा पुष्कळ उरतं.

डिस्नी वर्ल्ड म्हणजे एक बाग नव्हे. १ ऑक्टोबर १९७१ला ते सुरू झालं तेव्हा मॅजिक किंगडम हे एकच पार्क होतं; पुढे एपकॉट १९८२ साली, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ साली आणि ॲनिमल किंगडम १९९८ साली आलं. पण या चारांच्या भोवतीची जमीन सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे. त्यात तळी आहेत, झाडी आहे, पंचवीसहून अधिक हॉटेलं आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या बस, होड्या, मोनोरेल आणि हवेतले पाळणे आहेत. तिकीट लागतं ते पार्काच्या फाटकाशी. फाटकाबाहेरची ही सगळी वाहनं फुकट आहेत, आणि थकलेल्या माणसासाठी ती स्वतःच एक सहल आहे.

उदाहरणार्थ मोनोरेल. मॅजिक किंगडमसमोरच्या तळ्याभोवती ती फिरते आणि काँटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या तर आरपार, इमारतीच्या पोटातून जाते. चार वर्षांच्या मुलाला दुसरं काहीही नको असतं. तिच्यातून पॉलिनेशियन हॉटेलला उतरलं की तळ्याकाठी पांढऱ्या वाळूचा किनारा लागतो. समोर पाण्यापलीकडे सिंड्रेलाचा किल्ला दिसतो. गावी पाठवायचा फोटो इथूनच काढावा, आतल्यापेक्षा चांगला येतो, कारण मध्ये कुणाची डोकी नसतात. रात्रीची आतषबाजीही इथून दिसते. आणि हवा ठीक असेल तर त्याच पाण्यावरून दिव्यांच्या तराफ्यांची मिरवणूक जाते : काळोखात मासे, कासव, समुद्रसर्प असे आकार उजळत समोरून सरकतात. १९७१पासून चालत आलेली ही जुनी गोष्ट आहे. सासूबाई खुर्चीत बसून बघू शकतात.

दुसरं वाहन स्कायलायनर, २०१९ साली सुरू झालेलं. दोरावरचे पाळणे, रायगडच्या रोपवेसारखे, पण सपाट प्रदेशावरून बराच लांब जाणारे. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन ही हॉटेलं एका तळ्याच्या दोन काठांवर आहेत, त्यांच्या मधोमध स्थानक आहे. तिथे बसायचं, कॅरिबियन बीच या हॉटेलापाशी पाळणा बदलायचा आणि रिव्हिएरा या हॉटेलावरून एपकॉटच्या मागच्या फाटकापर्यंत जायचं. पार्कात शिरायचं नाही. फाटकाबाहेरच डावी-उजवी वाट फुटते आणि दुसऱ्या एका तळ्याकाठच्या लाकडी फरसबंदीवर, बोर्डवॉकवर नेते. संध्याकाळी तिथे दिवे लागतात, माणसं सावकाश चालत असतात, बसायला बाकं आहेत. गुडघेदुखीवाल्यांसाठी याहून चांगली फिरायची जागा त्या भागात मला माहीत नाही. विजा चमकायला लागल्या की पाळणे बंद करतात, एवढं लक्षात ठेवा. नोव्हेंबरात ती भीती उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ कमी असते.

आणि मला तुम्हाला आग्रहाने पाठवायचंय ते ॲनिमल किंगडम लॉजला. हे पार्क नाही, हॉटेल आहे, २००१ साली उघडलेलं. हॉटेलच्या मागच्या अंगाला आफ्रिकेतल्यासारखी गवताळ कुरणं केली आहेत आणि त्यांत जिराफ, झेब्रे, हरणं मोकळी फिरतात. त्या बाजूच्या खोलीची बाल्कनी उघडली की खाली कुरण. सकाळी साडेसात-आठला, ऊन कोवळं असताना, जिराफ चाऱ्याशी येतात. पाय फाकवून मान खाली घालतात आणि कान सारखे हलवत राहतात. हे मी तासभर बघत बसले आहे आणि कंटाळले नाही. तुमच्या सासऱ्यांना मात्र जिराफांहून दुसरंच जनावर आवडेल असं मला वाटतं. तिथे अंकोले नावाची आफ्रिकन गुरं आहेत. शिंगं एवढी जाड आणि लांब की डोक्याला पेलतात कशी असं वाटावं. खिलार बैलांच्या मुलखातला शेतकरी ती बघून गप्प बसणार नाही. खांदा बघेल, वशिंड बघेल, चाल बघेल आणि नातवाला शेजारी बसवून सांगत राहील. हा तास तुम्हाला कुठल्याही पार्कात विकत मिळत नाही.

त्याच ठिकाणी, किदानी व्हिलेज या भागात, सना नावाचं उपाहारगृह आहे. आफ्रिकन स्वयंपाक, भारतीय मसाल्यांच्या अंगाने. तिथली 'ब्रेड सर्व्हिस' प्रसिद्ध आहे : नान, कुलचा, पनीर पराठा असे प्रकार आणि सोबत नऊ वाट्या, त्यांत रायतं, आंब्याची चटणी, लोणचं, हुमुस. खिडकीबाहेर तीच कुरणं. परदेशात सासू-सासऱ्यांना हॉटेलात नेलं की "यात अंडं तर नाही ना" या विचारपुशीत सुनेचं जेवण गार होतं. इथे त्यांच्या हाताला ओळखीचा घास लागेल. दुपारचं जेवण इथे घ्या, उजेड असताना. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्याच सकाळी करून टाका.

राहायचं कुठे हा यातला कळीचा मुद्दा, आणि इथे बरेच वाचक फसतात. मॅजिक किंगडम आणि एपकॉटच्या शेजारची हॉटेलं महाग असतात, कारण तुम्ही पार्काच्या जवळिकीचे पैसे देता : महागड्या हॉटेलांना काही रात्री जास्त वेळ, चालत जायची सोय. पार्कात जायचंच नसेल तर हे तुमच्या काय कामाचं? तुम्ही सहा जण आहात, म्हणजे बहुतेक ठिकाणी दोन खोल्या लागणार. मी तुमच्या जागी असते तर पॉप सेंच्युरीत दोन जोडखोल्या मागितल्या असत्या. तिथली खोली लॉजमधल्या कुरणाच्या बाजूच्या खोलीच्या निम्म्याहून कमी भावात मिळते, पाळण्याचं स्थानक दाराशी आहे, तळ्याभोवती सपाट वाट आहे. वाचलेल्या पैशांत शेवटची एक रात्र लॉजमध्ये, कुरणाच्या बाजूला. एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात सामान पोचवायची सोय डिस्नीच करते, तुम्हाला बॅगा ओढत फिरावं लागत नाही. खोलीच्या भावावर साधारण १२.५ टक्के कर लागतो तो धरून हिशेब करा. डिस्नीच्या स्वतःच्या हॉटेलांत वेगळी रिसॉर्ट फी नाही, आणि तिथे उतरलेल्यांना गाडी लावायचे पैसे २०२३पासून पुन्हा पडत नाहीत.

"त्यापेक्षा शेजारच्या किसिमी गावात पूल असलेलं अख्खं घर भाड्याने घ्या, स्वयंपाकघरही मिळतं," असं तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल. स्वस्त पडतं, हे खरं. मोठ्या कुटुंबांना ते सोयीचंही आहे. पण तुमच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : नको. ओटा दिसला की पहिल्या सकाळी पोहे होतील, दुपारी "बाहेरचं किती खायचं, जरा वरणभात लाव", आणि तुम्ही एडिसनमधून उठून किसिमीच्या ओट्यापाशी उभ्या. चार दिवस ओटा नसलेल्या जागीच राहा. सासूबाईंना बाहेरचं सोसत नसेल तर धपाटे, दशम्या, चिवडा, लाडू घरून न्या. त्यांना करायची हौस असेल तर निघण्याआधी त्यांच्या हातचे होऊ द्या. त्यांच्या सकाळच्या चहाचं काय, हे मात्र खोली घेण्याआधी हॉटेलला विचारून ठेवा, कारण चहा मनासारखा झाला नाही तर दिवसभर कुणालाच बरं वाटत नाही.

ज्या वाचकांना खरोखर स्वयंपाकघर हवं असेल त्यांनी डिस्नीच्या व्हेकेशन क्लबच्या सभासदांकडून पॉइंट (म्हणजे त्यांनी आधीच विकत घेतलेला मुक्कामाचा हक्क) भाड्याने घेऊन व्हिला घेण्याचा विचार करावा. जाहीर भावापेक्षा बहुधा स्वस्त पडतं. दोन गोष्टी तपासा : स्टुडिओत शेगडी नसते, फक्त मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज, पूर्ण स्वयंपाकघर एक बेडरूमच्या पुढे मिळतं. आणि असे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत. घरात वडीलधारी माणसं असली की कार्यक्रम आयत्या वेळी बदलू शकतो, म्हणून मला स्वतःला ही जोखीम जड वाटते.

तुमच्या तारखांबद्दल एक महत्त्वाचं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातली तुमच्या मुलीची सुट्टी ही न्यू जर्सीतल्या शिक्षक संघटनेच्या अधिवेशनामुळे मिळते. म्हणजे ती तुमच्या एकट्या मुलीला नाही, राज्यातल्या जवळजवळ सगळ्या सरकारी शाळांना आहे, आणि त्यातली कितीतरी कुटुंबं त्या दिवसांत ऑरलँडोला उतरतात. तिथे या आठवड्याला 'जर्सी वीक' म्हणूनच ओळखतात. हवा तेव्हा सुरेख असते, दिवसा पंचवीस-सव्वीस अंश, रात्री हलका गारवा. पण पार्कांतल्या रांगा तेव्हा लांब असणार. यजमानांना हे जरूर सांगा. २०२५ साली एका दिवसाचं तिकीट पार्क आणि तारखेनुसार साधारण १२० ते २०० डॉलर होतं, तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना थोडंसंच कमी. सहा जणांचा एक दिवस म्हणजे हजार डॉलरच्या घरात, रांग टाळायचे पैसे वेगळे. एवढे पैसे मोजून आईला व्हीलचेअरवर गर्दीतून ढकलत न्यायचं, की त्याच पैशांत आईबरोबर जिराफ बघत बसायचं, हे त्यांनी ठरवावं. हे टोचून म्हणत नाही, दोन्ही निवडी प्रेमाच्याच आहेत.

आता मुलांकडे. धाकट्याने पार्क पाहिलेलंच नाही, त्यामुळे चुकल्याचं दुःख त्याला नाही. त्याला हवंय पाणी आणि मिकी. पाणी प्रत्येक हॉटेलात आहे, थंडीत गरम ठेवलेलं, जीवरक्षक हजर. लॉजच्या तलावाला उतरती कड आहे, किनाऱ्यासारखी, त्यामुळे लहान मूल घोट्याएवढ्या पाण्यात खेळू शकतं आणि आजोबा काठाला खुर्ची टाकून बसू शकतात. मिकी काँटेम्पररीत 'शेफ मिकीज'मध्ये न्याहारीच्या वेळी टेबलापाशी येतो, तिथेही पार्काचं तिकीट लागत नाही. मोठ्या माणसाला ५० डॉलरच्या पुढे खर्च येतो, म्हणून सहाच्या सहा जणांनी जाऊ नका. दोन घास खाणाऱ्या सासूबाईंसाठी तेवढे पैसे मोजले की त्यांचाच जीव वरखाली होईल. यजमान आणि दोन्ही मुलं जाऊ देत. संध्याकाळी फोर्ट वाइल्डरनेस या झाडीतल्या तळावर शेकोटी असते, मुलं काठीला मार्शमेलो लावून भाजतात. जिलेटिन चालत नसेल तर शाकाहारी मार्शमेलो घरून न्या. शेजारी घोड्यांचा तबेला आहे, बघायला पैसे नाहीत.

मोठीचा प्रश्न वेगळा आहे. ती जाऊन आली आहे, म्हणून तिला पुन्हा नको असं तुम्ही धरलं आहे. सहाव्या वर्षीचं पार्क आणि नवव्या वर्षीचं पार्क एक नसतं. तेव्हा उंचीमुळे नाकारलेल्या राइड आता तिला मिळतील, आणि शाळेत परतल्यावर अर्धा वर्ग तिथूनच आलेला असेल. तिला विचारा. ती हो म्हणाली, तर मला सर्वांत पटणारा मार्ग हा आहे : चारांतला एक दिवस बाप-लेकीचा. दोनच तिकिटं, सकाळपासून रात्रीपर्यंत, त्यांच्या वेगाने. सासऱ्यांनाही आतून बघायचं असेल तर तीन तिकिटं आणि त्यांच्यासाठी बॅटरीची गाडी. अर्ध्या दिवसाचं वेगळं तिकीट नसतं, पण ते दमले तर बसने हॉटेलवर परत येऊ शकतात. "सहलीला आलो म्हणजे सगळ्यांनी सगळीकडे एकत्रच" हा नियम कुणी घालून दिलेला नाही, आणि घरातल्या निम्म्या कुरबुरी त्यातूनच होतात. त्या दिवशी तुम्ही, सासूबाई आणि धाकटा हॉटेलात. धाकटा दुपारी झोपला की तुम्हीही झोपा.

तुमच्या झोपेची व्यवस्था मात्र निघण्याआधी ठरवा, तिथे गेल्यावर ती कुणाला आठवत नाही. यजमानांना सांगा की बाप-लेकीचा पार्काचा दिवस ठरला तर तो सोडून रोज सकाळी साडेनऊपर्यंत मुलं त्यांची. ते मुलांना आणि आई-वडिलांना घेऊन खाली न्याहारीला जातील, तळ्याभोवती फेरी मारतील. खोलीची किल्ली, औषधांची पिशवी, जेवणाची वेळ हे चार दिवस त्यांच्याकडे. ते विसरले तर विसरू देत, आठवण करून द्यायचा मोह आवरा. दिवसाला एकच बाहेरचा कार्यक्रम : एक दिवस मोनोरेल आणि पॉलिनेशियन, एक दिवस पाळणे आणि बोर्डवॉक, एक दिवस सना. अजून हौस असेल तर अर्ध्या-पाऊण तासावर विंटर पार्क गावात १९३८पासून चालत आलेली तासाभराची नावेतली फेरी आहे, तळ्यांना जोडणाऱ्या अरुंद कालव्यांतून जाणारी. पण ती यादीत आधीपासून घालू नका, नाहीतर ती तिकडची यादी होऊन बसेल.

आणि एवढं सगळं वाचून तुमच्या मनात आलं की मला यातलंही काही नको, नुसती शांतता हवी, तर मग डिस्नीचा हट्ट सोडा. गल्फच्या किनाऱ्यावर क्लिअरवॉटरसारखी गावं आहेत, समुद्र आहे, सूर्यास्त आहे आणि "पार्क बघायचं की नाही" हा वादच उद्भवत नाही. डिस्नीच्या दाराशी राहून आत न जाणं तेव्हाच सुखाचं होतं जेव्हा घरातल्या सगळ्यांनी ते खुशीने ठरवलेलं असतं. एकाचीही समजूत नुसती गप्प बसवून काढली असेल, तर रोज रात्री आतषबाजीचा आवाज आला की तो विषय पुन्हा निघेल. इकडे खोपोलीला इमॅजिकाच्या शेजारी मुक्काम करणाऱ्या वाचकांनाही मी हेच सांगत आले आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. या रविवारी आधी यजमानांशी, दोघंच असताना, तुमच्या थकव्याचं बोला. हॉटेलांचा विषय त्यात काढू नका. मग नातीकरवी आजी-आजोबांना विचारा. मग मुलीला. उत्तरं हातात आल्यावरच आरक्षण करा. परतीचं विमान संध्याकाळचं घ्या : खोली अकराला सोडावी लागते, पण सामान हॉटेलकडे ठेवून घेतात आणि त्या दिवशीही पोहता येतं. एक कोरड्या कपड्यांची पिशवी तेवढी बॅगेतून आधीच बाहेर काढून ठेवायला यजमानांना सांगा.

तुमची,
ताई